पुड्यामागचा तक्ता : बिस्किटं आणि कुकीजबद्दल तुमचे प्रश्न

बिस्किटांच्या पुड्यामागे बारीक अक्षरात छापलेल्या पोषण-तक्त्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांमधले आकडे त्या त्या प्रकारच्या मालावर सर्वसाधारणपणे दिसतात तसे घेतले आहेत. तुमच्या हातातल्या पुड्यावर वेगळा आकडा असेल, तर हिशेबात तोच धरावा.

प्रश्न : बटर कुकीजच्या पुड्यावर ‘प्रति सर्व्हिंग’ साखर ८ टक्के, सॅच्युरेटेड फॅट ८ टक्के असं लिहिलं आहे. म्हणजे चिंता करण्यासारखं काही नाही ना? आणि हे टक्के कशाचे?
– वाचक, कराड

आधी टक्क्यांचं. हे टक्के प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या गरजेचे किंवा मर्यादेचे असतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार त्यासाठी हे आकडे धरले जातात : ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण फॅट ६७ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट (तूप, लोणी, पामतेलात जास्त असणारं) २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ.

खरी गोम ‘सर्व्हिंग’मध्ये, म्हणजे एका वेळी खायच्या धरलेल्या प्रमाणात आहे. सर्व्हिंग किती धरायची ते कंपनी ठरवते, आणि बहुतेक कुकीजच्या पुड्यांवर ती दोन नगांची असते. चहाबरोबर दोन कुकीज खाऊन पुडा बंद करणारी माणसं घरोघरी किती असतील, ते तुम्हीच पाहा. म्हणून सर्व्हिंगचा रकाना सोडा आणि ‘प्रति १०० ग्रॅम’चा रकाना धरा.

बटर कुकीजच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे साधारण असे आकडे दिसतात : ऊर्जा ४९८ किलोकॅलरी, प्रथिनं ६, कर्बोदकं ६९, त्यातली एकूण साखर २६, वरून घातलेली साखर २५, फॅट २२, सॅच्युरेटेड फॅट ११ ग्रॅम आणि सोडियम ३२० मिलिग्रॅम. आता पुड्याचं निव्वळ वजन बघा आणि आतले नग मोजा. ७५ ग्रॅमच्या पुड्यात ९ कुकीज असतील, तर एक कुकी झाली ८.३ ग्रॅमची. चार खाल्ल्या की ३३ ग्रॅम, म्हणजे तक्त्यातल्या प्रत्येक आकड्याचा तिसरा हिस्सा : १६६ किलोकॅलरी, ८ ग्रॅमच्या थोडी वर साखर, पावणेचार ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट. टक्क्यांत मांडलं तर साखर आणि सॅच्युरेटेड फॅट दोन्ही १७ टक्क्यांच्या घरात.

सकाळ-संध्याकाळ चार-चार कुकीज आणि दोन्ही वेळच्या चहात दोन-दोन लहान चमचे साखर, असा बेत असेल तर ३३ ते ३७ ग्रॅम साखर तिथेच झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांखाली यावी. २००० किलोकॅलरींच्या आहारात हे झाले ५० आणि २५ ग्रॅम. म्हणजे जेवणाला हात लावण्याआधीच कमी असलेली मर्यादा ओलांडलेली असते.

तक्ता खरा वाटत नसेल तर पडताळायची सोपी रीत आहे. प्रथिनं आणि कर्बोदकं ४ ने गुणा, फॅट ९ ने गुणा, सगळं मिळवा. वरच्या उदाहरणात २४ अधिक २७६ अधिक १९८, बरोबर ४९८. पाच-दहाचा फरक तंतू (फायबर) आणि पूर्णांक करण्यामुळे पडतो. पन्नासचा फरक आला तर तक्त्यात काहीतरी चुकलं आहे.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी ‘शुगर फ्री’ कुकीज आणतो. साखर शून्य लिहिली असली, तरी खाल्ल्यावर रक्तातली साखर वाढलेली दिसते. कंपनी फसवते का?
– वाचक, सोलापूर

फसवत असेलच असं नाही. ‘शुगर फ्री’ लिहायला १०० ग्रॅममध्ये साखर जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम चालते, आणि तो दावा बहुधा खराच असतो. पण तक्त्यातल्या साखरेच्या ओळीत फक्त साध्या शर्करा मोजल्या जातात : आपली नेहमीची साखर, ग्लुकोज, फ्रुक्टोज, दुधातली लॅक्टोज वगैरे. मैद्यातला स्टार्च त्या ओळीत येत नाही, तो ‘कर्बोदकं’ या मोठ्या आकड्यात असतो. पोटात गेल्यावर मात्र त्या स्टार्चचं ग्लुकोजच होतं, आणि मैद्याच्या बाबतीत ते लवकर होतं. माल्टोडेक्स्ट्रिन हा घटकही असाच : साखरेच्या ओळीत जवळजवळ दिसत नाही, रक्तातली साखर मात्र झपाट्यानं चढवतो. घटकांच्या यादीत तो वरच्या चार-पाचांत असेल तर पुडा परत ठेवा.

म्हणून मधुमेह असलेल्यांनी पहिल्यांदा कर्बोदकांचा आकडा वाचायचा, साखरेचा नंतर. साध्या मारी बिस्किटात १०० ग्रॅममागे ७५ ते ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात. सहा ग्रॅमची चार मारी खाल्ली, तर साडेअठरा ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं झाली, म्हणजे एका लहान पोळीइतकी. चार मारी चहाबरोबर ‘असंच’ खाऊन पुन्हा जेवणात नेहमीच्या पोळ्या घेतल्या, की एक पोळी जास्तीची झाली. ती हिशेबात धरत नाहीत, आणि रात्रीचा आकडा का वाढला हे कळत नाही.

शुगर फ्री कुकीजमध्ये गोडव्यासाठी बहुतेक वेळा माल्टिटॉल असतं. यादीत ते ९६५ क्रमांकानं किंवा ‘पॉलिऑल’ म्हणून दिसेल. ते साखरेच्या जवळपास ९० टक्के गोड असतं, ग्रॅममागे दोन ते अडीच किलोकॅलरी देतं आणि रक्तातली साखर कमी वाढवतं, पण वाढवतं. दुसरी अडचण पोटाची. ते लहान आतड्यात पुरतं शोषलं जात नाही, उरलेलं मोठ्या आतड्यात जाऊन गॅस आणि जुलाब करतं. पॉलिऑल १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर तशी सूचना पुड्यावर छापावी लागते. वडिलांना कुकीज खाल्ल्यावर पोट बिघडल्यासारखं वाटत असेल, तर कारण बहुधा हेच.

‘नो अ‍ॅडेड शुगर’ हा आणखी वेगळा दावा. साखर, मध, गूळ, सिरप यातलं काही वरून घातलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पीठ, दूध आणि सुकामेव्यातलं जे मुळात असतं ते असतंच.

घरी ग्लुकोमीटर असेल तर अंदाज बांधत बसू नका. एके दिवशी फक्त त्या कुकीज ठरावीक संख्येनं द्या, आधी आणि दोन तासांनी साखर मोजा. तो आकडा कुठल्याही लेबलपेक्षा जास्त सांगेल. औषधं किंवा इन्शुलिन चालू असेल तर आकडे डॉक्टरांना दाखवा, मनानं मात्रा बदलू नका.

याच्याशी जोडून एक सांगायला हवं. साखर अचानक उतरली, घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, की पुष्कळ घरांत बिस्किट पुढे करतात. त्या वेळी बिस्किट कामाचं नाही. त्यातल्या फॅटमुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा वर आल्यावर मग बिस्किट चालेल. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना.

प्रश्न : ‘डाएट’, ‘लाइट’, ‘डायजेस्टिव्ह’, साधं ग्लुकोज : सगळ्यांच्या कॅलरी ४४० ते ५०० च्या मध्येच कशा? मग जास्त पैसे कशासाठी मोजायचे?
– वाचक, ठाणे

कारण बिस्किटात पाणी नसतं. खुसखुशीत राहायचं तर ओलावा चार-पाच टक्क्यांच्या आत लागतो. पाणी काढलं की उरतं पीठ, साखर आणि फॅट. पहिली दोन ग्रॅममागे चार किलोकॅलरी देतात, तिसरं नऊ. ही बेरीज १०० ग्रॅमला ४०० च्या फारशी खाली येऊच शकत नाही. ब्रेडमध्ये ३५ ते ४० टक्के पाणी असतं, म्हणून त्याचा आकडा अडीचशेच्या आसपास राहतो. ब्रेडचा मैदा काही हलका नसतो.

त्यामुळे बिस्किटं एकमेकांशी ताडून बघताना कॅलरीची ओळ जवळजवळ निरुपयोगी आहे. साखर, सॅच्युरेटेड फॅट आणि तंतू या तीन ओळी बघा. साध्या मारीत फॅट १० ते १२ ग्रॅम आणि साखर २० ते २३. ग्लुकोज बिस्किटात साखर २५ ते २७. क्रीम बिस्किटात साखर ३५ च्या पुढे जाते, कारण ते ‘क्रीम’ म्हणजे पिठीसाखर आणि वनस्पती फॅट यांचं मिश्रण. साय-लोणी त्यात नसतं. डायजेस्टिव्हमध्ये साखर जरा कमी असली तरी फॅट २० च्या घरात, बटर कुकीइतकंच. वजन उतरवायला डायजेस्टिव्ह खाणाऱ्यांनी ही ओळ एकदा डोळ्यांनी वाचावी.

पैशांचं म्हणाल तर तंतूंसाठी थोडे जास्त मोजले तर चालतील, ‘लाइट’ या शब्दासाठी नाही.

प्रश्न : मुलं पोळी खात नाहीत म्हणून नाचणीच्या आणि मल्टिग्रेन कुकीज डब्यात देते. नाचणीतलं कॅल्शियम मिळतं ना?
– एक आई, नाशिक

नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, १०० ग्रॅम धान्यात सुमारे ३६० मिलिग्रॅम. पण कुकीत नाचणी किती, ते आधी बघायला हवं. ज्या घटकाचं नाव किंवा चित्र पुड्यावर मिरवलं असेल, त्याची टक्केवारी यादीत द्यावी लागते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पुडा उलटा करा : पहिलाच शब्द ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’, म्हणजे मैदा, मग साखर, मग पामतेल आणि त्यानंतर ‘नाचणी १२ टक्के’ अशी यादी सापडण्याची शक्यता बरीच आहे.

१२ टक्के नाचणीतून १०० ग्रॅम कुकीजला ४३-४४ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. दहा ग्रॅमच्या दोन कुकीजमध्ये ते ९ मिलिग्रॅमही भरत नाही. अर्धा कप दुधात १०० मिलिग्रॅमच्या वर असतं. त्याच दोन कुकीजबरोबर चार-पाच ग्रॅम साखर पोटात जाते ती वेगळीच.

मल्टिग्रेनचंही तसंच. पाच धान्यांची नावं असतात, पण प्रत्येकी एक-दोन टक्के. तंतूंचा आकडा बघितला की खरं-खोटं कळतं. गव्हाच्या आट्यात १०० ग्रॅमला ११ ग्रॅमच्या आसपास तंतू, ज्वारीत १०, मैद्यात पावणेतीन. ‘तंतूंचा स्रोत’ म्हणायला १०० ग्रॅमला ३ ग्रॅम पुरतात, ‘तंतूंनी भरपूर’ म्हणायला ६ लागतात. पुड्यावर तंतूंचा आकडा दिलेलाच नसेल, तर तो सांगण्यासारखा नसणार असं समजायला हरकत नाही.

एक इशारा. घरात कोणाला सीलिअ‍ॅक आजार, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन न चालण्याचा आजार असेल, तर नाचणीच्या, ओट्सच्या, ज्वारीच्या कुकीज नावावर जाऊन आणू नका. त्यात बहुतेकदा मैदा असतोच. ‘ग्लूटेन फ्री’ असं स्पष्ट लिहिलेलाच माल घ्या. त्यात ग्लूटेनची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे.

पोळी न खाणाऱ्या मुलांसाठी डब्यात नाचणीचे घावन किंवा थालीपीठ जमतं का बघा. धान्य तेच, आणि ते पन्नास-साठ टक्क्यांनी जातं.

प्रश्न : नात सव्वा वर्षाची आहे. दुधात चार ग्लुकोज बिस्किटं कुस्करून दिली की पटकन खाते. सून नको म्हणते. आमची मुलं याच्यावरच वाढली.
– आजी, सांगली

आजी, सूनबाईंचं ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचना सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांसाठी स्पष्ट आहेत : साखर, मीठ आणि ट्रान्स फॅट जास्त असलेले पदार्थ या वयात देऊ नयेत. बिस्किटात पहिली दोन्ही आहेत. नावात ग्लुकोज असलं तरी आत मैदा, साखर, इन्व्हर्ट सिरप आणि पामतेल असतं. वरून घातलेले जीवनसत्त्व-लोह असतील तर ते चांगलंच, पण प्रथिनं १०० ग्रॅमला जेमतेम ७, तीही गव्हाची, म्हणजे लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक कमी असलेली.

सव्वा वर्षाच्या बाळाचं पोट लहान. चार बिस्किटांचं दूध प्यायली की ती तासा-दोन तासांनंतरच्या वरण-भाताला तोंड फिरवणार, आणि ‘जेवतच नाही’ म्हणून पुन्हा बिस्किट. हे चक्र मोडायला दोन-तीन दिवस रडारड सोसावी लागते. दुधात नाचणीसत्व शिजवून द्या, पिकलेलं केळं कुस्करा, मऊ मुगाच्या खिचडीवर चमचाभर तूप घाला. गोडवा केळ्याचा पुरतो.

मोठ्या मुलांसाठीही एक लक्षात घ्या : पुड्यावरचे टक्के प्रौढांच्या २००० किलोकॅलरींवर काढलेले असतात. पाच वर्षांच्या मुलाची गरज साडेतेराशेच्या आसपास असते. प्रौढाला जी साखर १७ टक्के, ती त्याला २४-२५ टक्के पडते. आणि बिस्किटाचा लगदा दाढांच्या खाचांत चिकटून राहतो, म्हणून खाल्ल्यावर चूळ भरायला लावा.

प्रश्न : ‘ट्रान्स फॅट शून्य’, ‘कोलेस्टेरॉल शून्य’ लिहिलेलं असलं की बिस्किट हृदयाला चांगलं समजायचं का?
– वाचक, पणजी

नाही. कोलेस्टेरॉल वनस्पतीजन्य तेलात नसतंच; पामतेलाच्या बिस्किटावर ते शून्य लिहिणं म्हणजे पाण्याच्या बाटलीवर ‘फॅट शून्य’ लिहिण्यातला प्रकार.

ट्रान्स फॅटची गोष्ट जरा वेगळी, कारण तिथे खरोखर सुधारणा झाली आहे. पूर्वी बेकरीत वापरलं जाणारं डालडासारखं वनस्पती तूप तेलात हायड्रोजन घालून घट्ट केलेलं असे. ते अर्धवट केलं की ट्रान्स फॅट तयार होतं. आपल्याकडे तेल-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के झाली, आणि १ जानेवारी २०२२ पासून ती २ टक्के झाली; तेव्हापासून तेल-तूप वापरून केलेल्या पदार्थांनाही एकूण फॅटच्या २ टक्क्यांची मर्यादा लागू झाली. ‘ट्रान्स फॅट फ्री’ लिहायला १०० ग्रॅम पदार्थात ०.२ ग्रॅमपेक्षा कमी लागतं. लोण्या-तुपाच्या कुकीजवर थोडंसं ट्रान्स फॅट दिसलं तर दचकू नका. दुधाच्या फॅटमध्ये ते निसर्गतःच थोडं असतं.

पण बिस्किटाला घट्ट फॅट लागतंच. पातळ तेल घातलं तर पिठाचा गोळा पसरतो, बिस्किट तेलकट होतं आणि खुसखुशीतपणा जातो. हायड्रोजन बंद झाल्यावर ही जागा पामतेल आणि त्याच्या घट्ट भागानं घेतली. यादीत ‘पाम ऑइल’, ‘पामोलिन’ किंवा ‘इंटरएस्टरीफाइड व्हेजिटेबल फॅट’ असं दिसेल. पामतेलाचा जवळपास निम्मा भाग सॅच्युरेटेड असतो. म्हणजे ट्रान्स गेलं ते बरंच झालं. आता बघायची ओळ सॅच्युरेटेडची. १०० ग्रॅमला ५ च्या आसपास असेल तर ठीक, १० च्या पुढे गेलं तर ते बिस्किट रोजच्या खाण्यातलं नाही.

प्रश्न : आम्ही दरवर्षी स्वतःचं सामान नेऊन बेकरीतून नानकटाई पाडून आणतो. घरचं तूप, घरची साखर. विकतच्या कुकीजपेक्षा ती पौष्टिक, बरोबर? तिचा तक्ता काढता येईल का?
– वाचक, सातारा

तक्ता नक्की काढता येतो. त्यासाठी वाटीचं माप सोडून वजनकाटा घ्या; वाटीत मैदा दाबून भरला की सैल, यावर वीस टक्क्यांचा फरक पडतो.

नेहमीचं एक प्रमाण धरू : मैदा ५०० ग्रॅम, पिठीसाखर २५० ग्रॅम, तूप ३०० ग्रॅम, अर्धा लहान चमचा खायचा सोडा, वेलची. मैद्याच्या साडेतीन किलोकॅलरी ग्रॅममागे, म्हणजे १७५०. साखरेच्या १०००. तुपाच्या २७००. एकूण ५४५०. आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि बहुतेकांची चूक इथेच होते : भागायचं ते भाजून थंड झालेल्या मालाच्या वजनानं, कच्च्या गोळ्याच्या नाही. मैद्यातलं काही पाणी भट्टीत उडून जातं. १०५० ग्रॅमच्या गोळ्याची नानकटाई साधारण १ किलो भरते. सांडलवंड आणि ‘चवीपुरती’ खाल्लेली वजनात धरायला विसरू नका.

तर १०० ग्रॅममागे : ५४५ किलोकॅलरी, साखर २५ ग्रॅम, फॅट ३० ग्रॅम, प्रथिनं ५ ग्रॅम. तुपाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग सॅच्युरेटेड, म्हणजे ते १८ ग्रॅम. सोड्याच्या अर्ध्या चमच्यात, अडीच ग्रॅम धरले तर, सुमारे ६८५ मिलिग्रॅम सोडियम. ते सगळ्या किलोभर मालात वाटलं गेलं की १०० ग्रॅमला ७० च्या आत. मीठ घातलं असेल तर ग्रॅममागे ३९० मिलिग्रॅम सोडियम आणखी मिळवा.

विकतच्या बटर कुकीचे आकडे वर दिले आहेत. साखर तेवढीच, फॅट आणि सॅच्युरेटेड फॅट तिच्यापेक्षा बरंच जास्त. घरच्या तुपाचा वास, चव आणि ताजेपणा याला तोड नाही, ते कबूल. पण पौष्टिक म्हणून खायची ही वस्तू नाही. या घाण्याचे ४० नग पाडले तर एक २५ ग्रॅमचा. दोन खाल्ले की २७२ किलोकॅलरी, साडेबारा ग्रॅम साखर आणि ९ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, दिवसाच्या मर्यादेच्या चाळीस टक्के. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी १७० किलोकॅलरींच्या आसपास असते.

सामान कमी करून बघायचं असेल, तर साखर २५० वरून २०० आणि तूप ३०० वरून २५० पर्यंत उतरवता येतं. त्यानं १०० ग्रॅममागच्या कॅलरी ५३० च्या आसपास येतात, म्हणजे फार उतरत नाहीत. पाण्याची गोष्ट वर आलीच आहे. साखर अजून कमी केली तर नानकटाई पसरत नाही, वर तडे पडत नाहीत, रंग पांढुरका राहतो. तूप मैद्याच्या निम्म्याच्या खाली नेलं की गोळा सुटा सुटा होतो, मग माणसं दूध शिंपडतात आणि मळतात. तिथे ग्लूटेन बनून नानकटाई दगड होते. मळायचं नाहीच, बोटांनी गोळा करायचा. साखरेऐवजी गूळ घातला तर कॅलरीत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही, आणि गूळ ओलावा ओढत असल्यामुळे चार-पाच दिवसांत माल मऊ पडतो. मैद्याच्या निम्म्या जागी आटा चालतो. कोंडा ओलावा पितो म्हणून तूप त्याहून कमी करू नका. तंतू १०० ग्रॅमला दीडवरून साडेतीनच्या आसपास येतात.

खरा फायदा आकारात आहे. ४० ऐवजी ८० नग पाडा, साडेबारा ग्रॅमचे. बेकरीवाल्याला आधी सांगा, कारण लहान नग दोन-चार मिनिटं आधी तयार होतात आणि मोठ्यांबरोबर एकाच ट्रेमध्ये लावले तर तळ करपतो. पाहुण्यांपुढे बशीत दोनच येतात, आणि हात सहसा दोनावरच थांबतो.

प्रश्न : यादीत ५०३, ५००, ३२२, २२३ असे आकडे असतात. ही रसायनं घातक आहेत का?
– वाचक, अमरावती

५०० खायचा सोडा. ५०३ अमोनियम बायकार्बोनेट : भट्टीत त्याचा अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन सगळं उडून जातं, म्हणून ते पातळ बिस्किटातच वापरतात, जाड केकमध्ये वास अडकतो. पुडा फोडल्यावर नाकात झोंबणारा वास आला तर भाजणी नीट झालेली नाही. ३२२ लेसिथिन, बहुतेक वेळा सोयाबीनचं. सोयाची अ‍ॅलर्जी असेल तरच बघायचं. २२३ मात्र दम्याच्या रुग्णांनी लक्षात ठेवावा. तो सोडियम मेटाबायसल्फाइट, पीठ मऊ करायला घालतात, आणि सल्फाइटनं काही जणांचा दमा उसळतो. सल्फाइट किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर अ‍ॅलर्जीच्या सूचनेत ते लिहावं लागतं.

प्रश्न : चहाबरोबर खारी, टोस्ट की बिस्किट?
– वाचक, पुणे

खारीत साखर नगण्य, पण पदरापदरात फॅट : १०० ग्रॅमला २५ ते ३५ ग्रॅम, कॅलरी पाचशेच्या वर. हलकी लागते ती पदरांतल्या हवेमुळे. टोस्टमध्ये फॅट कमी, साखर असते, आणि चहात बुडवून पाच-सहा कधी संपतात ते कळत नाही. सुट्या बेकरी मालावर बहुधा तक्ता नसतो. फॅटचा अंदाज घ्यायचा तर नग रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवा आणि सकाळी डाग बघा. टाळूला मेणासारखा थर चिकटत असेल तर फॅट उच्च तापमानाला वितळणारं, घट्ट जातीचं आहे.

तिन्हींपैकी एक निवडायचंच असेल तर दोन साधे, साखर न भुरभुरलेले टोस्ट. रोजची सवय म्हणाल तर मूठभर फुटाणे : २५ ग्रॅममध्ये पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, वरून घातलेली साखर शून्य. मिठाचे असतील तर चोळून घ्या.